दोघांपुरती गाडी

आईंनी गाडीत पहिला पाय ठेवला तो चपला बाहेर काढून. मला आणि माझ्या नवऱ्याला, त्यांच्या सुकुमारला, ते शुभलक्षण वाटलं. दोन वर्षं ज्या गाडीला त्यांनी नावं ठेवली, तिच्या पायरीशी त्यांनी जैन बस्तीत दर्शनाला जाताना काढतात तशा चपला काढल्या, पदर सावरला आणि दाराला धरून त्या आत चढल्या.

दसरा होता. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढच्या चाकांसमोर रांगोळी. सुकुमार नव्या जावयासारखा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहून दाखवत होता.

"आई, हा बाक. दिवसा बसायचं, फळी ओढली की पलंग. खाली कपड्यांचे खण. हा नळ, पायाने दाबला की पाणी येतं. हा पंखा, हे दिवे. वर सूर्यावर चालणारं पॅनेल आहे, विजेचं बिल नाही."

"आणि शेगडी?"

"पलंगाखालून सरकत बाहेर येते. स्वयंपाक झाला की ढकलायची आत."

आईंनी नळ दाबून पाहिला. खण उघडले, मिटले. खिडकीची मच्छरजाळी बोटाने दाबून पाहिली. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि बाकीची सोय?"

सुकुमारने कोपऱ्यातली फळी उचलून दाखवली. तिथे झाकणाची बैठक होती. आईंनी मान डोलावली, आणि म्हणाल्या, "बरं. तुम्ही जरा बाहेर थांबा."

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

आम्ही थांबलो. समोरच्या घरातले शिवगोंडा पाटील सोनं द्यायला आले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, सुकुमारच्या गाडीची प्रत्येक चाचणी त्यांनीच घेतलेली.

"काकू कुठायत?"

"गाडीत," मी म्हणाले.

"काय करतायत?"

ते आम्हालाही माहीत नव्हतं. मी दारावर टकटक केली. "आई, पाटील सोनं द्यायला आलेत."

"घरात ठेव म्हणावं," आतून आवाज आला. "मी पडलेय जरा."

*

गाडी कशासाठी केली होती ते सांगायला हवं. सुकुमार सांगलीच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचा. एका साखर कारखान्याच्या लिलावात त्याने लांब बॉडीची जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली. उसाच्या फडातून, चिखलातून फिरून तिची हाडं खिळखिळी झाली होती. ती आमच्या अंगणात आली आणि पुढची दोन वर्षं आमचं अंगण हे अंगण राहिलं नाही. मागच्या सीटा गेल्या, टप कापून फूटभर वर उचलला, आतून पत्र्याला जाड फोम आणि त्यावर प्लायवूड लागलं. आरटीओत खेटे घालून सगळं कागदावर रीतसर झालं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून ग्राइंडर सुरू व्हायचा आणि हॉलमधून आईंचा आवाज यायचा, "धडधाकट घर असताना गाडीत झोपायचं! भिकेचे डोहाळे आहेत हे."

आम्ही त्यांना सांगितलं होतं, हा सुकुमारचा छंद आहे. ते खरं नव्हतं. दिवाळीनंतर दोन महिने रजा टाकून आम्हाला तवांगला जायचं होतं. आम्हा दोघांना. घर सोडून. खरं म्हणजे, हॉल सोडून.

आमच्या घराची रचनाच अशी होती की स्वयंपाकघरातून न्हाणीघरात, न्हाणीघरातून खोलीत, खोलीतून फाटकात, कुठूनही कुठेही जायचं तर हॉलमधल्या आईंच्या दिवाणासमोरून जावं लागे. सासरे गेल्यापासून आई तिथेच असायच्या. मी बँकेतून आले की, "आज उशीर?" आम्ही खोलीचं दार लावलं की, "एवढ्या लवकर झोप आली?" मुलगी मृदुला शिकायला हैदराबादला गेली, घरात एक खोली मोकळी झाली, तरी आई हॉलमध्येच. मी सुकुमारला म्हणायचे, "जकात नाक्यावर आयुष्य चाललंय आपलं." तो हसायचा. पण गाडीचा आराखडा काढताना त्याने कागदावर सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: फक्त दोघांसाठी. पलंगाची रुंदी त्याने आम्हा दोघांचे खांदे मोजून ठरवली. तिसरं माणूस त्यात कुठल्याच कोनातून बसणार नाही याची त्याने नीट काळजी घेतली होती.

एकटं माणूस मात्र ऐसपैस बसत होतं. हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

*

दसऱ्याची दुपार त्यांनी गाडीत काढली. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या उशी घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी उशीबरोबर पांघरूण, जपमाळ आणि औषधांचा डबा गेला. दिवस मावळायच्या आत त्या घरात येऊन जेवायच्या, भांडं विसळून ठेवायच्या आणि "येते हं" म्हणून निघायच्या. पाहुण्याने निरोप घ्यावा तसं. मग अंगणात कडी वाजायची आणि खिडकीच्या पडद्यामागे पिवळा दिवा लागायचा.

पहिल्या आठवड्यात आम्हाला गंमत वाटली. हॉल रिकामा! मी टीव्ही लावला. आम्ही सोफ्यावर शेजारी बसलो. सुकुमारने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सवयीने दिवाणाकडे बघून काढून घेतला.

दुसऱ्या आठवड्यात लोक विचारायला लागले. कॉलनीत आधी कुजबुज झाली, मग बस्तीत. चौगुल्यांनी म्हातारीला गाडीत ठेवलंय. घरात सून सोफ्यावर आणि सासू अंगणात. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण हळूच म्हणाली, "त्रिशला, तुझं काही चुकत असेल असं नाही गं, पण निदान आतल्या खोलीत तरी..."

रविवारी सकाळी जयसिंगपूरहून बापूसाहेब मामा आले. आईंचे धाकटे भाऊ. टोपी हातात, चेहरा लाल. फाटकातूनच सुरुवात केली.

"सुकुमार! माझी बहीण अंगणात राहते हे खरं आहे का?"

"मामा, तिला कुणी..."

"चार माणसं मला तोंडावर विचारतात! भावजी असते तर ही हिंमत झाली असती का तुझी?"

ते तरातरा गाडीकडे गेले आणि दारावर थाप मारली. पडदा हलला.

"कोण ते?"

"मी बापू. अक्का, आधी बाहेर ये."

"थांब, केस विंचरतेय."

मामांना बरंच थांबावं लागलं. मग दार उघडलं. आई पायरीवर बसल्या, शेगडी सरकवली, चहाचं भांडं ठेवलं.

"साखर किती? पूर्वीएवढीच का कमी केलीस?"

"अक्का, घरात चल. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतायत?"

"तुला बाहेर काढलं म्हणून."

"त्यांना म्हणावं, एकदा या बघायला. पण आत घेणार नाही. जागा नाही." आईंनी चहा गाळला. "ती प्लास्टिकची खुर्ची घे आणि बस."

मामा बसले. पहिला कप त्यांनी रागाने प्यायला. दुसऱ्या कपाला ते मान वाकडी करून आत बघत होते. "तो खण कसला?" "हा नळ चालतो?" "थंडीत गार पडत नाही?" निघताना त्यांनी सुकुमारला फाटकाशी बाजूला घेतलं. मला वाटलं, आता शेवटची खरडपट्टी.

सुकुमार परत आला तो विचित्र चेहऱ्याने.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अशी एक मला करून देशील का. आणि मामीला सांगू नको."

*

दिवाळी झाली. रजा मंजूर होती. नकाशावर सुकुमारने पेन्सिलने मुक्काम आखले होते. निघायचा दिवस पुढच्या सोमवारवर आला आणि गाडीत आईंच्या साड्यांची घडी नीट बसावी म्हणून एक नवी फळी लागली होती. ती शिवगोंडांनी ठोकून दिली होती.

सुकुमारने एकदाचं तोंड उघडलं.

"आई, सोमवारी आम्ही निघतोय. तवांगला. दोन महिने."

"बरं. स्वेटर न्या."

"गाडीनं जायचंय."

"कुठल्या गाडीनं?"

सुकुमारने जीपकडे हात केला. आईंनी तिकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "का? रेल्वे बंद झाली का?"

तो माझ्याकडे वळला. लग्नात पत्नीची कर्तव्यं असतात त्यातलं हे एक, सासूशी बोलणं. मी संध्याकाळी गाडीच्या पायरीवर जाऊन बसले. आई आत, पलंगावर मांडी घालून. आमच्यात दार उघडं होतं.

"आई, मृदुलाची खोली लावून देते तुम्हाला. खिडकी आहे, पंखा आहे. शेजारीच न्हाणीघर. दिवाणही तिकडेच हलवू."

"ती मृदुलाची आहे."

"मृदुला हैदराबादला आहे."

"असू दे. तिची पुस्तकं आहेत, तिचा आरसा आहे. मी एकदा दुपारी पडले होते तिथे. पाहुणी असल्यासारखं वाटलं." त्यांनी पडदा सरळ केला. "ही अजून कुणाचीच झालेली नव्हती."

आमची होती, असं माझ्या ओठांवर आलं. आलं तसंच ठेवलं.

"पण तुम्हाला हॉलच आवडतो ना? तुम्हीच..."

"कोण म्हणालं?"

मी आठवून पाहिलं. कोण म्हणालं होतं? सासरे गेले, त्यांची खोली मृदुलाच्या दहावीला दिली. दिवाण हॉलमध्ये आणला. "आईंना हॉलच आवडतो," असं पाहुण्यांना कुणीतरी सांगितलं. मग सगळ्यांनीच सांगितलं. मीही. इतकी वर्षं सांगितलं की मलाही ते आईंच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटत होतं.

"लग्न होऊन आले तेव्हा तीन नणंदा माझ्या खोलीत झोपायच्या," आई म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, उन्हाळ्यातल्या पापडांविषयी बोलावं तसं. "त्यांची लग्नं झाली तोवर पोरं झाली. मग यांचं दुखणं. दाराला कडी लावायची नाही, रात्रीत काही झालं तर? मग हॉल. हॉलला दारच नाही. म्हणून सगळ्यांकडे बघत बसायचे. दुसरं करायचं काय? समोरून तुम्हीच जाता."

मी पायरीशी पडलेल्या त्यांच्या चपला जुळवून ठेवल्या.

"त्या दिवशी कडी लावली आणि इथे पडले," त्या म्हणाल्या, "तर पहिल्यांदा मला झोपच लागेना. कुणी हाक मारेल म्हणून वाट बघत पडले होते. तू मारलीस. मी उठले नाही. आणि काही झालं नाही गं. पाटलांनी सोनं ठेवलं आणि ते गेले."

मी घरात आले. सुकुमार नकाशा पसरून बसला होता.

"काय म्हणाली? देते का?"

"अहो, रेल्वेची तिकिटं बघा," मी म्हणाले.

*

मिरजेहून पुणे, पुण्याहून गुवाहाटी. पुढे भाड्याच्या जीपा, ज्यांत माणसं एकमेकांच्या मांडीवर. हॉटेलातल्या खोल्यांत सुकुमार रात्री उठून बसायचा. "पाण्याचा ग्लास घ्यायला चार पावलं चालायला लागतं इथे," म्हणायचा. "ही काय रचना झाली?"

सेला खिंडीच्या अलीकडे, चहाच्या टपरीशी, एक माणूस भेटला. केरळहून अशीच जीप घेऊन आलेला, मागे पलंग, शेगडी, सगळं. सुकुमारने त्याच्या गाडीत डोकं घातलं ते बाहेर काढेना. टाकी चुकीच्या बाजूला आहे, वजन एका चाकावर येतं, शेगडीला वारा लागणार. मोडक्या हिंदीत त्या बिचाऱ्याला त्याने सगळं ऐकवलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तुम्हाला एवढं येतं, तर तुम्ही का करत नाही अशी गाडी?"

"केलीय," सुकुमार म्हणाला. "याहून चांगली."

"मग कुठे आहे?"

सुकुमारने बर्फाकडे बघितलं. "आई वापरते," तो म्हणाला.

तवांगला पोहोचलो त्या दिवशी फोनला रेंज आली. आईंना लावला. लागेना. दुसऱ्या दिवशीही लागेना. चीनच्या सरहद्दीजवळ आम्हाला रेंज होती आणि सांगलीत आईंना नव्हती. शिवगोंडांचा फोन बंद. शेवटी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत फोन केला. गिरणीवाला म्हणाला, "गाडी? गाडी नाही की अंगणात. आम्हाला वाटलं तुम्हीच घेऊन गेलात. फाटकाला कुलूप आहे."

सुकुमारने तिथेच बॅग भरायला घेतली. त्याच्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते त्याने मला कधी सांगितलं नाही. मठ बघायचा राहिला, सरोवर राहिलं. आम्ही मिळेल त्या गाडीने खाली उतरलो. त्या सगळ्या वळणांवर तो एकच वाक्य म्हणत होता. "गॅस बंद करायला विसरते ती. गॅस बंद करायला विसरते."

गुवाहाटी स्टेशनवर शिवगोंडांचा फोन लागला. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज, त्यात त्यांचं ओरडणं.

"साहेब! कसं हाय तिकडं? बर्फ पडला का?"

"पाटील, आई कुठे आहे?"

"काकू? काकू समुद्रात हायत."

सुकुमारच्या हातातला फोन मी घेतला. "समुद्रात म्हणजे?"

"म्हंजे पायापुरत्या, वहिनी. घोट्यापर्यंत. आमची मालकीण, हौसा, धरून उभी हाय. घाबरू नका. रात्री दोघी गाडीत झोपत्यात, मी देवळाच्या धर्मशाळेत. कुणकेश्वरला हाय आम्ही. इथं रेंजच नसते बघा, आज टेकडीवर आलो म्हणून लागला. थांबा, काकूंना हाक मारतो."

मी फोन सुकुमारला परत दिला; त्यात नुसता वारा. मग आईंचा आवाज, धाप लागलेला.

"सुकुमार? पाणी खारट आहे रे."

"आई, समुद्र आहे तो!"

"माहीत आहे. पण इतकं?"

"तू कुणाला न सांगता गेलीस! आम्ही अर्ध्यातून परत फिरलो. इथे माझा जीव..."

"अर्ध्यातून? का?" आईंना खरंच कळेना. "गाडी छान पळते की. आंबोली घाटात जरा तापली, शिवगोंडांनी पाणी घातलं. तू ती टाकी उजवीकडे घेतलीस ते बरं केलंस, असं ते म्हणतात."

सुकुमारचा आवाज खाली आला. ती टाकी कुठल्या बाजूला घ्यायची यावर त्याने तीन महिने विचार केला होता. आजवर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"परत कधी येणार?" त्याने विचारलं.

"बघू. इथून कारवार जवळ आहे म्हणतात."

*

आई परत आल्या तेव्हा संक्रांत जवळ आली होती. रंग काळवंडला होता, गुडघे तेवढेच दुखत होते. गाडीच्या खणांत शंख-शिंपले, कोकमं आणि कुठल्याशा देवळाबाहेर घेतलेली गवताची टोपी. ती टोपी त्या अंगणात बसून भाजी निवडताना घालायच्या. कॉलनीतल्या बायका आता विचारत नव्हत्या, नुसत्या फाटकाशी रेंगाळत होत्या. हौसाबाई आणि आईंनी मिळून पुढच्या वर्षीचं ठरवलं होतं. कुठे, ते आम्हाला सांगितलं नव्हतं.

हे सगळं होऊन आता बरीच वर्षं झाली. लोक अजून विचारतात, तुम्ही दोघं तवांगला त्या गाडीने गेला होता ना? आम्ही हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

एकदा मात्र आम्ही ती गाडी नेली. त्याच वर्षी, मे महिन्यात. सुकुमारला चार दिवस सुट्टी होती. त्याने सकाळी चहाच्या वेळी, माझ्याकडे न बघता, आईंना विचारलं, "आई, गाडी देशील का चार दिवस?"

आईंनी कप खाली ठेवला. खरोखर विचार केला.

"कुठे नेणार?"

"महाबळेश्वरला."

"घाट आहे. तू चालवणार?"

"मग कोण?"

"शिवगोंडांना विचारून बघितलं असतंस." मग थोड्या वेळाने, "न्या. पण गुरुवारी परत पाहिजे."

आम्ही गेलो. पाचगणीच्या पुढे एका पठारावर गाडी उभी केली, पडदे ओढले, कडी लावली. आम्ही दोघं, दोन वर्षं ज्याची स्वप्नं बघितली तिथे. पलंगाची आता एकाच माणसाला सवय झाली होती. गादी मधोमध दबली होती आणि त्या खळग्यात आम्ही दोघं एकमेकांवर घसरत होतो. डोक्याला साड्यांची फळी लागत होती, कारण आईंच्या हाताला यावी म्हणून ती खाली घेतली होती. नळ कुठे दाबायचा ते सुकुमारला आठवेना. सगळीकडे कापराचा आणि सुंठीचा वास. मी हसायला लागले. सुकुमार आधी चिडला, मग तोही हसायला लागला. आणि आम्ही तसेच हसत, एकमेकांच्या अंगावर, झोपून गेलो.

बुधवारीच परत आलो.

आई फाटकात उभ्या होत्या. आम्ही उतरलो. त्यांनी आधी गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली, मागच्या चाकाजवळ वाकून पाहिलं, दाराच्या कडेवरची धूळ पदराने पुसली. आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "जेवलात का?"